कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत

हिवाळ्यात फोन जास्त येतात.
लोक घरात अडकलेले असतात,
गादी उलटून पायथ्याचा पांढरा बिल्ला शोधतात,
चष्मा चढवून बारा आकडे वाचून दाखवतात.
मी म्हणतो, हो, त्यातलीच आहे.
सदतीसशे गाद्यांना
ज्वाळा अडवणारा थर शिवायचाच राहिला.
कारखान्यानं माल परत बोलावलाय.

याआधी मी जाळायच्या कामावर होतो,
सॅगिनॉबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये.
गॅसच्या दोन नळ्या:
एक वरून, सत्तर सेकंद,
एक कुशीत, पन्नास.
मग नळ्या काढून घ्यायच्या
आणि अर्धा तास नुसतं बघत राहायचं.
चांगली गादी काळी पडते, कुरकुरते, गप्प होते.
वाईट गादी आधी काहीच करत नाही.
मग कडेची शिवण उसवते
आणि तिसऱ्या मिनिटाला
काचेपलीकडे उभ्या माणसाच्याही भुवया तापतात.
गादीवर कुणी नसायचं.
तरी मी दर वेळी उशीकडे बघायचो.

एल्वी राउतिओचा फोन फेब्रुवारीत आला,
पार वरून, सुपीरियर सरोवराच्या काठावरून.
आकडे जुळले.
मी कागदावरचं वाचलं:
बिल्ला कापा.
गादी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चिरा.
फोटो पाठवा. आठ आठवड्यांत पैसे.
ती म्हणाली, कुठल्या सुरीनं?
हे कागदावर नव्हतं.
कुठल्याही, मी म्हणालो.
मासे सोलायची आहे, ती म्हणाली,
वेनोची.

वेनो जुन्या कापसाच्या गादीवर
चाळीस वर्षं विडी ओढत झोपला. काही झालं नाही.
ही घेतली ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून,
त्याची छाती भरली तेव्हा,
पाठीला आराम म्हणून.
हिच्यावर त्यानं एकदाही काडी ओढली नाही, ती म्हणाली,
जणू तक्रार माझ्याकडेच नोंदवायची होती.

फोटो आला.
अर्धीच गादी चिरलेली.
खिडकीकडची, तिची बाजू.
पिवळा फोम बाहेर आलेला.
भिंतीकडची बाजू जशीच्या तशी,
वर इस्त्रीची चादर.

नियम म्हणतो, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.
नियम म्हणत असेल काहीही,
शेजारच्या टेबलावरची डोरीन म्हणाली, करून टाक खूण.
माझं बोट खुणेवर होतं.
पण ती बाई आज रात्री
त्या अर्ध्या भागावर अंग चोरून झोपणार होती,
पायाशी विजेची शेगडी लावून,
हे मला फोटोत दिसत होतं. शेगडीची वायर दिसत होती.

मी फोन केला.
दुसरी बाजूसुद्धा, बाई.
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.
तो कधी पडला नाही तिकडून,
ती म्हणाली, भिंत होती ना.
मग फोन ठेवला.

नऊ दिवसांनी दुसरा फोटो.
अंगणात, बर्फावर, आडवी पडलेली गादी,
या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सरळ घाव,
माशाचं पोट फाडावं तसा,
सरावाच्या हाताचा.
रात्री बर्फ पडलेला असणार.
दोन माणसांचे दोन खळगे
पांढरे होऊन
कडांच्या बरोबरीला आलेले.
मी खूण केली.
रकान्यात विचारलं होतं, वस्तू नष्ट झाली काय.

एप्रिलमध्ये तिचा फोन पुन्हा आला.
मला वाटलं, चेक पोचला नसेल.
चेक पोचला होता, नवी गादीही आली होती,
बिल्ला तिनं आधीच वाचून ठेवला होता, सगळं नीट.
पण फार उंच आहे, म्हणाली.
काठावर बसलं की पाय जमिनीला टेकत नाहीत.
अंथरूण बघून पाय पसरावेत हे ठाऊक होतं,
लोंबकळत्या पायांचं काय करायचं
हे कुणी शिकवलं नव्हतं.

आमच्याकडे त्यासाठी वेगळा विभाग नाही.
मी म्हणालो, पलंगाचे पाय कापा, बाई.
चारही. दोन दोन इंच.

ती म्हणाली,
कुठल्या करवतीनं?